दहा मीटर म्हणजे किती सेकंद? आंग्लिरुवरच्या डावपेचांचा अंदाज

चढावर दोन सायकलपटूंमध्ये दहा मीटरचं अंतर दिसलं की आपण सहज म्हणतो, ‘अजून मागोमाग आहे की!’ सपाट रस्त्यावर, ताशी ४५ किलोमीटरच्या वेगात, दहा मीटर म्हणजे एका सेकंदाहूनही कमी. पण चढण २० टक्क्यांच्या वर गेली (म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना वीस मीटर वर) आणि वेग ताशी ९ किलोमीटरवर उतरला, की त्याच दहा मीटरचे चार सेकंद होतात. तीन आठवड्यांच्या शर्यती कधीकधी एवढ्यावर फिरतात. म्हणून माझं म्हणणं असं, की तीव्र चढावर संपणाऱ्या टप्प्याचा अंदाज बांधताना ‘सर्वांत ताकदवान कोण’ इथून सुरुवात करू नये. कोणाला किती सेकंद हवेत आणि ते रस्त्याच्या नेमक्या कुठल्या तुकड्यावर मिळू शकतात, हे आधी पाहावं.

उदाहरणासाठी मी स्पेनच्या अस्तुरियास प्रांतातला आंग्लिरु घेतो. १९९९ साली वुएल्ता, ही स्पेनची तीन आठवड्यांची सायकल शर्यत, तिथे पहिल्यांदा गेली. लांबी सुमारे साडेबारा किलोमीटर, सरासरी चढण दहा टक्क्यांच्या जवळपास. पण ही सरासरी फसवी आहे. पहिले पाच-साडेपाच किलोमीटर सात-आठ टक्क्यांचे, इतर कुठल्याही मोठ्या घाटासारखे. मग थोडी उसंत. आणि त्यानंतरचे सहा किलोमीटर सरासरी तेरा टक्क्यांचे. शिखर तीन किलोमीटरवर राहिलं, की बकऱ्यांच्या नावाची कुएन्या लेस काब्रेस ही चढण येते. तिथे रस्ता साडेतेवीस टक्क्यांपर्यंत उभा होतो. अगदी माथ्यावर मात्र रस्ता पडतो, किंचित उताराला लागतो आणि अंतिम रेषा जवळजवळ सपाटीवर येते. हा नकाशा डोक्यात ठेवा. पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

आता थोडं गणित. ६२ किलो वजनाचा स्पर्धक घ्या. सायकल, कपडे, बाटली मिळून आणखी नऊ किलो. सायकलचं वजन नियमानुसार ६.८ किलोपेक्षा कमी चालत नाही. हा गडी ३७० वॅट, म्हणजे किलोमागे सहा वॅट, लावतो आहे. साडेसात टक्क्यांच्या चढावर त्याचा वेग ताशी २१ किलोमीटरच्या आसपास राहील, आणि ३७० पैकी सुमारे ४० वॅट हवा कापण्यात जातील. पुढच्याच्या चाकाला चिकटून राहिला तर त्यातले बारा-तेरा वॅट वाचतात. तेरा टक्क्यांवर वेग ताशी पावणेचौदा किलोमीटर होतो, हवेसाठी फक्त अकरा वॅट लागतात आणि चाकामागे राहून तीन-चार वॅटच वाचतात. म्हणजे जेमतेम एक टक्का.

ह्या एका टक्क्यात आंग्लिरुचं अर्धं रहस्य आहे. खालच्या भागात संघ उपयोगी पडतो. चार सहकारी रांगेत लावून वेग चढा ठेवला की कोणाला निसटावंसं वाटत नाही, आणि नेता बचत करत मागे बसतो. वरच्या सहा किलोमीटरमध्ये ती सोय संपते. सहकारी तिथे आधार देतो तो लयीचा आणि मनाचा. वाऱ्याचा आडोसा जवळजवळ नाहीच. त्यामुळे मधल्या उसंतीच्या तुकड्यावर कोणाकडे किती सहकारी उरले हे मोजा, पण त्यावर फार मोठा डाव लावू नका.

पुढची पायरी अटॅकच्या, म्हणजे अचानक वेग वाढवून निसटण्याच्या, किमतीची. प्रत्येक स्पर्धकाची एक उंबरठा-ताकद असते, जी तो बराच वेळ टिकवू शकतो. तिच्या वर जायचं तर मर्यादित साठ्यातून खर्च करावा लागतो. आपल्या गड्याचा उंबरठा ३७० वॅट आणि साठा १८ किलोज्यूल धरू. तेरा टक्क्यांवर तो एक मिनिट ४७० वॅटनं उसळला, तर साठ्यातले सहा किलोज्यूल, म्हणजे एक तृतीयांश, गेले. बदल्यात त्याला सुमारे ५५ मीटर मिळाले. तिथल्या वेगात चौदा-पंधरा सेकंद. व्यवहार छान वाटतो. पण आता श्वास सावरायला तो ३५० वॅटवर आला, तर मागचा ३७० वर टिकून राहिलेला माणूस दर मिनिटाला तीन सेकंद परत घेतो. पाचेक मिनिटांत सगळी कमाई संपली. त्या वेगात पाच मिनिटं म्हणजे एक किलोमीटरच्या थोडं वर.

म्हणजे तीव्र चढणीचा शेवट सव्वा-दीड किलोमीटरपेक्षा लांब असताना केलेली एकटी उसळी, बाकी सगळं समान असेल तर, वाया जाते. तिचा उपयोग एकाच परिस्थितीत: मागचा माणूस घाबरून तिला उसळीनंच उत्तर देतो आणि स्वतःचा साठा जाळतो.

२०१३ सालची वुएल्ता ह्याचं उत्तम उदाहरण आहे. शेवटून दुसऱ्या दिवशी आंग्लिरुच्या पायथ्याशी क्रिस हॉर्नर लाल जर्सीत, म्हणजे एकूण क्रमवारीत पहिला, होता, आणि विन्चेन्त्सो नीबाली त्याच्यामागे फक्त तीन सेकंद. नीबालीला सेकंद हवे होते, त्यामुळे तो उसळणार हे उघड होतं. तो एकदा नाही, अनेकदा उसळला. एकेचाळीस वर्षांचा हॉर्नर प्रत्येक वेळी आपल्या लयीत राहिला, हळूहळू जवळ आला आणि अखेर त्याला मागे टाकून निघून गेला. टप्पा केनी एलिसोंदनं आधीच पुढे निसटलेल्या टोळीतून जिंकला. हॉर्नर दुसरा आला आणि अंतिम फरक ३७ सेकंदांचा झाला. नीबालीची इच्छाशक्ती मोठी होती, पण प्रत्येक उसळीचा हिशोब वरचाच होता.

बोनस सेकंद ह्या हिशोबात धरलेच पाहिजेत. रेषेवर पहिल्याला १०, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ४; तेवढे त्याच्या एकूण वेळेतून वजा होतात. २०२३ मध्ये आंग्लिरुच्या आधी सेप कुस योनास विंगेगोच्या २९ सेकंद पुढे होता. प्रिमोझ रोग्लिच १ मिनिट ३३ सेकंदांवर. तिघेही एकाच संघाचे, त्यामुळे मित्र मित्रावर अटॅक करणार नाहीत, असा अंदाज कोणीही केला असता. पण तेरा टक्क्यांवर अटॅक करण्याची गरजच नसते! रोग्लिच आणि विंगेगो आपल्या वेगानं चालत राहिले, आणि कुस सुमारे दोन किलोमीटर राहिले असताना मागे पडला. सपाट रस्त्यावर पुढच्यानं वेग थोडा कमी केला की मागचा चाकाला लागतो आणि आडोशानं तरून जातो. इथे थांबणं आणि न थांबणं ह्यांच्या मधली जागाच उरत नाही. रोग्लिच पहिला, विंगेगो त्याच वेळेत दुसरा. कुस १९ सेकंदांनी, मिकेल लांदाच्या सोबतीनं, तिसरा. त्या तिसऱ्या क्रमांकाचे चार बोनस सेकंद धरून त्याची आघाडी आठ सेकंद राहिली. लांदाच्या पुढे रेषा ओलांडणं किती मोलाचं होतं, ते ह्या आकड्यात दिसतं. अशा दिवसाचा अंदाज बांधताना संघाच्या बैठकीत काय ठरलं असेल ह्यापेक्षा तिघांचा टिकाऊ वेग किती, हे विचारायला हवं होतं.

गिअरकडे लोक कमी लक्ष देतात, ह्याची मला खंत वाटते, कारण डाव तिथेही हरतो. पुढच्या चक्रीला ३६ दात आणि मागच्या चक्रीला ३० असतील, तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल अडीच मीटर जाते. ताशी आठ किलोमीटरच्या वेगात ते मिनिटाला त्रेपन्न-चौपन्न फेरे. ३४ ला ३४ लावले तर फेरा २.१ मीटरचा, आणि फेरे चौसष्टच्या आसपास. ह्या दहा फेऱ्यांच्या फरकानं मांड्यांवरचा प्रत्येक ठोका हलका होतो. जड गिअर लावून आलेला माणूस कुएन्यावर उभं राहून चालवतो, तेही त्याच्या मनात नसताना. सिंहगडाचा घाट सायकलनं चढलेल्यांना हे गुडघ्यांनी कळलेलं असतं.

रस्ता ओला असेल तर प्रश्न आणखी बिकट होतो. उभं राहिलं की वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं आणि पॅडलच्या जोरात जागच्या जागी घसरतं. त्यामुळे पावसात उसळीचा अटॅक जवळजवळ बाद होतो, आणि बसून, समान जोरानं चढणारा फायद्यात राहतो. पाऊस डावपेच खालच्या रस्त्यावरही ढकलतो. आंग्लिरुच्या आधी बहुतेक वेळा कोर्दाल घाट असतो, आणि त्याचा उतार अरुंद व निसरडा आहे. २००२ मध्ये पडापडीनं वैतागलेल्या डेव्हिड मिलरनं आंग्लिरुच्या अंतिम रेषेपाशी थांबून, ती न ओलांडताच, आपला नंबर काढून दिला, म्हणजे शर्यतच सोडली. २०१७ मध्ये आल्बेर्तो कोन्तादोरनं ओल्या कोर्दालच्या उतारावरच निसटायला सुरुवात केली. त्याच उतारावर नीबाली पडला. कोन्तादोरनं कारकिर्दीतला शेवटचा विजय मिळवला, वाउट पूल्स आणि क्रिस फ्रूमच्या १७ सेकंद पुढे. त्याचं गणित पाहा. तो एकूण क्रमवारीत बराच मागे होता, त्यामुळे लाल जर्सीवाल्या फ्रूमला त्याच्यामागे जीव तोडण्याचं कारण नव्हतं. मोकळीक मिळणारा माणूस कोण, हा अंदाजाचा फार उपयोगी प्रश्न आहे, आणि तो पायथ्याच्या आधीच्या उतारापासून विचारायला हवा.

थेट प्रक्षेपण पाहताना चेहऱ्यावर विसंबू नका. अनुभवी माणसं चेहरा लपवतात. चाकांमधलं अंतर पाहा. वेग चढला की थकत आलेला माणूस आधी अर्धं चाक सोडतो, मग पुन्हा जोडतो, मग पुन्हा सोडतो. अशी तीन आवर्तनं दिसली, की पुढच्या तीव्र तुकड्यावर तो सुटणार. वळणंही बोलतात. तीव्र वळणाची आतली बाजू लांबीनं कमी पण उभी असते. ज्याच्याकडे साठा आहे तो आतून जाऊ शकतो. बाहेरून मोठा फेरा घेऊन लय राखणारा एकतर हुशारीनं चालवतो आहे किंवा काठावर आहे. पुढच्या सरळ रस्त्यावर ते लगेच कळतं.

आणि शेवटी तो माथा. २०२५ मध्ये विंगेगो जुआंव आल्मेइदाच्या ५० सेकंद पुढे होता. आल्मेइदाला वेळ हवी होती, आणि त्यानं उसळी न घेता बसून, किलोमीटरमागून किलोमीटर, कडक वेग ठेवला. त्याच्या ताकदीच्या माणसासाठी हा योग्य डाव होता. बाकी सगळे गळले. विंगेगो चाकावर राहिला. त्यालाही पुढे जाण्याची घाई नव्हती, कारण बरोबरी त्याच्याच सोयीची होती. असे दोघे एकत्र माथ्यावर आले, की आतापर्यंतचं सगळं शास्त्र उलटतं. उतार आणि सपाटी येते, वेग तिपटीनं वाढतो, चाकाचा आडोसा पुन्हा मोलाचा होतो. पण शेवटचं वळण इतकं जवळ आहे, की ते आधी घेणाऱ्याला ओलांडायला मागच्याला रस्ताच पुरत नाही. आल्मेइदा वळणात पुढे होता, तो पुढेच राहिला. दोघांची वेळ एकच. दहा आणि सहा ह्यांतले चार सेकंद तेवढे त्याला मिळाले आणि फरक ४६ वर आला. म्हणून दोघं किंवा तिघं एकत्र वर येताना दिसले, की पाय कोणाचे ताजे ह्याच्या आधी शेवटच्या वळणात पहिलं चाक कोणाचं असेल ते बघावं, आणि ती जागा घेण्यासाठी कुएन्या संपल्यापासूनच कोण हळूहळू पुढे सरकतो आहे तेही.