आबांचं गाडं आणि भुसावळची मालगाडी

रावेरजवळचं रेल्वे फाटक. फाटक पडलंय, अलीकडे आबा केळीच्या घडांनी भरलेल्या गाड्यावर बसलेत आणि मागचा ट्रॅक्टरवाला उगाच हॉर्न वाजवतोय.

आबांना विचारलं, गाडं चालत राहायला काय लागतं? "बैल लागतात ना भो, अजून काय?"

साधारण साडेतेवीसशे वर्षांपूर्वी ग्रीक तत्त्वज्ञ अरिस्टॉटलचंही हेच म्हणणं होतं, ढकलताय तोवर चालणार. आणि खरं सांगू का, आपल्या काळ्या मातीत पाऊस पडून गेल्यावर गाडं हाकणाऱ्या माणसाला दुसरं काही सुचणारच नाही, बैल थांबले की गाडं हातभर पुढं जाऊन बसलंच.

आता ही मालगाडी बघा. समजा ताशी ६० चा वेग आहे आणि ड्रायव्हरनं पॉवर काढून घेतली, ब्रेक नाही, काही नाही. रुळावर पोलादी चाक, रोलिंग फ्रिक्शनचा (चाक फिरताना लागणाऱ्या घर्षणाचा) आकडा साधारण ०.००२. हवा आणि चढ-उतार सोडून द्या, गाडी जवळपास ७ किलोमीटर तशीच जाईल!

इथं वर्गात हमखास उत्तर येतं की सर ती जड आहे म्हणून. नाही ना! हीच तर गंमत आहे. मास (वस्तुमान) वाढलं की थांबवणारं फ्रिक्शनपण तेवढंच वाढतं, समीकरणात दोन्हीकडचं मास कटतं, थांबेपर्यंतचं अंतर उरतं वेगाचा वर्ग, भागिले दोनदा फ्रिक्शनचा आकडा गुणिले जी (गुरुत्वाकर्षणाचं त्वरण). चिखलातल्या गाड्याला ०.१ धरा, वेग सेकंदाला १ मीटर, जी १० धरा, उत्तर अर्धा मीटर. म्हणजे आबांचा हातभर.

वेग वेगळा घेतला, ही चीटिंग आहे म्हणाल, तर गाड्यालापण ताशी ६० द्या (बैलांची माफी मागून), तरी १४० मीटरच्या आत थांबेल. पन्नासपट फरक, आणि तो सगळा मातीचा आणि रुळाचा.

गॅलिलिओनं हेच उतारावर गोळे सोडून ओळखलं, समोरचा चढ जेवढा सपाट तेवढा गोळा लांब जातो, मग पूर्ण सपाट आणि फ्रिक्शन शून्य केलं तर तो थांबेल कशाला? न्यूटननं १६८७ साली तो गतीचा पहिला नियम म्हणून मांडला. बल लागतं ते वेग बदलायला.

मग बैल दिवसभर काय करतात? फाटक उघडलं, बघा आता. पहिली दोन पावलं माना खाली घालून जोर लावतायत, तिथं फ्रिक्शनही भागवायचंय आणि वेगही द्यायचाय. एकदा चाल धरली की जू जरा हलकं होतं. एक टन माल धरला तर बैलांचे साधारण १००० न्यूटन (न्यूटन म्हणजे बलाचं एकक) पुढं आणि फ्रिक्शनचे तेवढेच मागं, बेरीज शून्य, आणि गाडं चाललंय.

ट्रॅक्टरवाला अजून हॉर्न वाजवतोयच.