सड्यावर चालू या, पण जपून

नमस्कार श्रोतेहो.

मृग तोंडावर आलाय. पहिले दोन-चार सरळ पाऊस पडून गेले, की रत्नागिरी, राजापूर, देवगडकडचे सडे, म्हणजे जांभ्या दगडाची उघडी पठारं, बदलायला लागतात. उन्हाळ्यात ज्या कातळावर अनवाणी पाय टेकवत नाही, त्याच्या भेगांतून हिरवे कोंब वर येतात. आणि याच दिवसांत आमच्यासारख्या सडाफेरी काढणाऱ्यांना फोन यायला लागतात : "फुलं कधी? गाडी कुठपर्यंत जाते?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. गाडी डांबरी रस्त्यापर्यंतच जाते. पुढे चालायचं.

हा आग्रह का, ते सांगतो. सड्यावर माती असते कुठे बोटभर, कुठे वीतभर. त्या मातीत कंद आणि बी वर्षभर दबा धरून बसलेलं असतं. ओल्या मातीवरून एक चारचाकी फिरली, की चाकोरी पडते, पाणी त्या चाकोरीने वाहतं आणि माती घेऊन जातं. पुढच्या पावसात तिथे नुसता काळा कातळ. दीपकाडी जूनमध्ये फुलते, लांब पांढरी फुलं, उंच दांडा. ही कोकण-गोव्याच्या पट्टीतली, इथल्या जांभ्या कातळावरची वनस्पती. ती पाहायला म्हणून आलेल्या गाडीखालीच ती चिरडली जावी, याला काय म्हणावं?

श्रावणापर्यंत सड्याचा रंग पालटतो. गेंदाची पांढरी बोंडं, सीतेची आसवं, तेरडा. सीतेची आसवं जांभळी, नाजूक, आणि खरं सांगायचं तर शिकारी. मातीखाली तिच्या बारीक पिशव्या असतात, त्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव ओढले जातात. शेजारीच दवबिंदू नावाची वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांनी माश्या धरते. जांभ्याच्या मातीत नत्र कमी, ते त्यांना किड्यांकडून मिळवावं लागतं. फेरीत मुलं इथे सगळ्यांत जास्त वेळ बसतात. बसू द्यावं. बारा नावं घाईत ऐकवण्यापेक्षा एका दवबिंदूसमोर दहा मिनिटं बसणं मला जास्त मोलाचं वाटतं.

पण सडा म्हणजे नुसती फुलं नव्हेत. पावसाचं पाणी जांभ्यातून गाळणीतून झिरपावं तसं खाली उतरतं आणि सड्याच्या पायथ्याला झऱ्यांतून, विहिरींतून वर येतं. वाडीतली विहीर मार्चपर्यंत टिकते ती वरच्या सड्याच्या जिवावर. आणि कागदोपत्री हा सडा काय असतो? बऱ्याच ठिकाणी पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन. वनखात्याचं जंगल नाही, अभयारण्य नाही, बहुतेक जमीन खासगी मालकीची किंवा गावकीची. म्हणजे इथे राखणदार येणार नाही. राखण करायची ती आपणच.

ही राखण अशक्य नाही, हे कोकणाने आधी दाखवलंय. रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या वेळासला २००२पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेबरोबर गावकऱ्यांनी समुद्री कासवांची घरटी सांभाळली. पुढे कासवं पाहायला लोक आले, गावातल्या घरांत उतरले आणि चार पैसे गावात राहिले. सड्यावरही उदाहरणं आहेत. रत्नागिरीजवळच्या उक्षीला हत्तीचं कातळशिल्प, म्हणजे कातळावर कोरलेलं जुनं चित्र आहे; त्याभोवती गावाच्या पुढाकाराने चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण आहे. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यात उक्षी आहे, कशेळी आहे, बारसू आहे, देवाचे गोठणेही आहे. (गोठण्याच्या शिल्पापाशी होकायंत्राची सुई भरकटते. खिशात होकायंत्र टाकून या, फेरीतली ही गंमत चुकवू नका.) ही चित्रं शोधली ती रत्नागिरीच्या हौशी माणसांनी, गुराख्यांना विचारत विचारत.

गुराख्यांचं मुद्दाम सांगतो. सडाफेरीचा वाटाड्या वनस्पतिशास्त्राचा पदवीधर असावा, असा एक समज आहे. असला तर उत्तम. पण कुठल्या डबक्यात पाणी गणपतीपर्यंत राहतं, टिटवी अंडी कुठे घालते, कुठला कातळ शेवाळाने निसरडा होतो, हे वाडीतल्या माणसाला ठाऊक असतं. त्याला बरोबर घ्या, आणि त्याचे पैसे द्या. राखणीचं काम स्वयंसेवेने होतं; पण शेतावरचा दिवस मोडून वाट दाखवणाऱ्याने फुकट यावं, ही अपेक्षा मला पटत नाही.

आता यायचं ठरवलंत तर. एका वाटाड्यामागे दहा-बारा माणसं, जास्त नाहीत. जमीनमालकाला आधी विचारायचं. एका ओळीत, कातळावर पाय देत चालायचं. हिरव्यावर नाही, डबक्यात तर नाहीच, तिथे बेडकांची अंडी असतात. पायात बंद बूट हवेत. दगड उलटायचा नाही. ही सूचना कोरडी वाटेल, पण आपल्याकडचं फुरसं, हा विषारी साप, दगडाखालीच बसतं, मातीच्याच रंगाचं, आणि हात खाली गेला की चावतं. चावलंच तर मंत्रबिंत्र न करता थेट दवाखाना. आणि आभाळ गडगडायला लागलं की फेरी तिथेच थांबवून खाली उतरायचं. मोकळ्या सड्यावर सगळ्यांत उंच वस्तू तुमची छत्रीच असते.

फुलं कमी आणि माणसं जास्त, अशी पाळी सड्यावर यायला नको. साताऱ्याजवळच्या कासच्या फुलांच्या पठारावर गर्दीपायी नोंदणी आणि शुल्क ठेवावं लागलं. आपल्याकडे ती वेळ यायच्या आधीच सांभाळू या. फोटो टाका, पण नेमकी जागा जाहीर करू नका.

खरं काम फेरी संपल्यावर सुरू होतं. उन्हाळ्यात वणवा लागू नये म्हणून कडेचं गवत वेळेवर कापायचं, बाटल्या उचलायच्या, ढासळलेला गडगा रचायचा. आणि नोंद ठेवायची : कोणतं फूल, कुठल्या तारखेला, कुठल्या बाजूला. दरवर्षी तीच वाट, तीच वही. जैवविविधता कायदा २००२चा आहे. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. पुष्कळ ठिकाणी ती कपाटात असते. काढून घ्या, आपल्या वहीतल्या नोंदी तीत चढवा. चिरेखाणीला माझा सरसकट विरोध नाही, माझंही घर चिऱ्याचंच आहे. पण खाणीचा अर्ज गावात येतो तेव्हा "तिथे आहे काय? नुसता कातळ!" असं कुणीतरी म्हणतंच, आणि त्या वेळी हातात नोंदवही असली तर बोलणं वेगळ्या वळणाने जातं.

१५ ऑगस्टला ग्रामसभा असते, आणि सडाही तेव्हा फुलात असतो. सभा सकाळची असेल तर आदल्या दिवशी सरपंचांना आणि सदस्यांना तासभर वर घेऊन या. नमस्कार.