होकार ज्याचा त्याने द्यायचा

(दृश्य: जालना शहराबाहेरचा रस्ता. दोन्ही बाजूंना कपाशी, बांधावर बाभळी. निवेदन सुरू.)

१८४३ साल. मुंबईत दोन सख्खे भाऊ स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकत होते. थोरला नारायण शेषाद्री, धाकटा श्रीपत. घर ब्राह्मणाचं. त्या वर्षी नारायणने बाप्तिस्मा घेतला. तो सज्ञान होता, त्यामुळे घरच्यांनी कितीही आकांत केला तरी त्याला कोणी अडवू शकत नव्हतं. श्रीपत मात्र अजून पोरवयातला. तोही भावापाठोपाठ मिशनऱ्यांकडे राहायला गेला आणि प्रकरण कोर्टात गेलं. कोर्ट म्हणालं, मुलगा अज्ञान आहे, त्याला वडिलांच्या हवाली करा. पुढे बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत परत घेण्यासाठी पुढाकार घेतला, तर सनातन्यांनी त्यावरून मुंबई डोक्यावर घेतली.

मिशनरी म्हणत होते, मुलगा स्वतःच्या मनाने आलाय. कायदा म्हणत होता, या वयात मन धरायचं नसतं. सनातनी म्हणत होते, मन कसलं विचारता, तो बाटलाय. एवढ्या थोरामोठ्यांच्या भांडणात त्या पोराच्या मनात खरंच काय चाललं होतं, हे आज कोणालाच सांगता यायचं नाही. पण त्या भांडणाच्या मुळाशी जो प्रश्न होता, तो ख्रिस्ती श्रद्धेच्या अगदी गाभ्यातला आहे. माणूस देवाला ‘हो’ म्हणतो, तेव्हा तो होकार नक्की कोणाचा असतो?

थोरला भाऊ, रेव्हरंड नारायण शेषाद्री, पुढे आला तो इथे, जालन्याला. म्हणून ही गोष्ट मराठवाड्याची.

(दृश्य: रात्र. कंदिलाच्या उजेडात उघडं पवित्र शास्त्र, योहानाचा तिसरा अध्याय.)

नव्या जन्माची शिकवण एका रात्रीच्या भेटीतून आली आहे. निकदेम नावाचा परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला, यहूद्यांचा अधिकारी, शास्त्र जाणणारा माणूस, अंधार पडल्यावर येशूकडे आला. येशू त्याला म्हणाला, “नव्याने जन्मल्यावाचून कोणालाही देवाचे राज्य पाहता येत नाही.” निकदेम गोंधळला. त्याने सरळ विचारलं, म्हातारा झालेला माणूस जन्म कसा घेईल? आईच्या पोटात पुन्हा जाईल का?

इथे आपल्या मुलखातल्या श्रोत्याचं मन वेगळ्या वाटेने जातं. संचित, प्रारब्ध, या जन्मीचं पुढच्या जन्मी, हे आपल्या बोलण्यात मुरलेलं आहे. येशू बोलत होता ते मरणानंतरच्या दुसऱ्या देहाविषयी नाही. ख्रिस्ती शिकवणीत माणसाला जगणं एकदाच आणि मरणंही एकदाच. नवा जन्म व्हायचा तो याच देहात, याच नावाने, याच गावात राहून. आतलं माणूस बदलायचं. यहेज्केल संदेष्ट्याने त्याच्या कितीतरी आधी देवाचं वचन सांगितलं होतं, की तुमच्यातलं दगडाचं हृदय काढून मी तुम्हाला मांसाचं हृदय देईन.

आता अडचण बघा. आजवर कोणी स्वतःचा जन्म स्वतः ठरवून घेतलेला नाही. जन्मणाऱ्याला कोणी विचारत नाही. मग नवा जन्मही देवच देत असेल, तर माणसाने करायचं काय राहिलं? आणि माणसाने काही करायचंच नसेल, तर ‘पश्चात्ताप करा’ असं येशू लोकांना का सांगत फिरला? येशूने निकदेमाला याचं सूत्रबद्ध उत्तर दिलं नाही. तो म्हणाला, “वारा पाहिजे तिकडे वाहतो आणि त्याचा आवाज तू ऐकतोस, पण तो कोठून येतो व कोठे जातो हे तुला कळत नाही.” आत्म्यापासून जन्मलेल्या माणसाचं असंच असतं.

या एका प्रश्नावर ख्रिस्ती जग दीड हजार वर्षं झुंजलं आहे. पाचव्या शतकात पेलागियस नावाचा धर्मशिक्षक म्हणत होता, देवाने माणसाला चांगलं निवडायची ताकद दिलेली आहे, ती वापरा. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन म्हणाला, ती इच्छाच आजारी आहे, आधी तिला देवाच्या कृपेने बरं करावं लागतं. ४१८ साली कार्थेजच्या धर्मपरिषदेने पेलागियसची शिकवण नाकारली. हजार वर्षांनी तेच भांडण नव्याने पेटलं. १५२४ मध्ये इरॅस्मस या विद्वानाने माणसाच्या स्वतंत्र इच्छेची बाजू मांडली आणि दुसऱ्याच वर्षी प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन ल्यूथरने ती इच्छा बेड्यांत अडकलेली आहे असं ठणकावलं. पुढे हॉलंडमध्ये आर्मिनियस या धर्मपंडिताच्या अनुयायांचं म्हणणं असं, की कृपा सगळ्यांना मिळते, पण माणूस ती नाकारू शकतो. १६१८-१९ मध्ये तिथल्याच डॉर्ट शहरात भरलेल्या धर्मपरिषदेने त्यांना खोडून काढलं.

आपल्याकडे रविवारच्या उपदेशात हे समजावताना शेतकऱ्याचं उदाहरण ऐकू येतं. नांगरट, पाळी, पेरणी आपण करायची, पाऊस आपल्या हातात नाही. मराठवाड्यात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पण डॉर्टचे धर्मपंडित एवढ्यावर थांबले नसते. ते म्हणाले असते, तुझे नांगर धरणारे हातसुद्धा मेलेले होते, त्यांत जीव कोणी घातला?

(दृश्य: छत्रपती संभाजीनगर, छावणी परिसर. कॅथेड्रलचा दर्शनी भाग.)

हा वाद युरोपातला, पुस्तकी, असं वाटत असेल तर थोडं थांबावं लागेल. मराठवाड्याच्या कॅथलिकांचं हे मुख्य चर्च. याला नाव आहे संत फ्रान्सिस डी सेल्स यांचं. शहरातली कितीतरी मुलं याच नावाच्या शाळेत शिकली, नाव लहानपणापासून ओठांवर. पण हा संत पोरवयात कशातून गेला, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

१५८६ साल. फ्रान्सिस एकोणीस वर्षांचा, पॅरिसमध्ये शिकत होता. पूर्वनियोजनाची चर्चा तेव्हा सगळीकडे. कोण तरणार, कोण नाश पावणार, हे देवाने आधीच ठरवून ठेवलं आहे, ही ती शिकवण. त्या कोवळ्या मनात एक विचार घुसला: माझं नाव नाश पावणाऱ्यांच्या यादीत असेल तर? मग माझ्या प्रार्थनेला अर्थ काय? अन्न जाईना, झोप येईना. कितीतरी आठवडे तो मुलगा झिजत गेला. शेवटी एका चर्चमध्ये मारियेच्या मूर्तीपुढे त्याने गुडघे टेकले आणि मनाशी ठरवलं, की मरणानंतर माझं काय व्हायचं ते होवो, निदान या जन्मात तरी मी देवावर प्रेम करीन. आणि त्याच्या मनावरचा तो डोंगर उतरला.

या मुलाचं आयुष्य मला त्या सगळ्या परिषदांपेक्षा जास्त शिकवून जातं. त्याच्या हातात काय उरलं होतं? तरणं नाही, यादी नाही, उद्याही नाही. उरलं होतं एवढंच, की आत्ता प्रेम करायचं की नाही. तेवढं त्याने निवडलं. आणि पुढे तोच माणूस म्हणाला असता, की ती निवड करायचं बळसुद्धा माझं नव्हतं.

मोठेपणी तो जिनिव्हाचा बिशप झाला. जिनिव्हा प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनचं शहर, तिथे कॅथलिक बिशपला जागा नव्हती, म्हणून राहिला फ्रान्समधल्या आनसीला. कृपा आणि माणसाची इच्छा यांवरून कॅथलिकांमध्येही जेझुइट आणि डॉमिनिकन या दोन धर्मसंघांची जुंपली होती. पोप पाचवे पॉल यांनी फ्रान्सिसचाही सल्ला घेतला आणि १६०७ मध्ये निकाल न देताच तो वाद थांबवला. एकमेकांना पाखंडी म्हणू नका, एवढी ताकीद दिली. त्याच आनसी गावात १८३८ मध्ये फ्रान्सिसच्या नावाने मिशनरी संघ निघाला, आणि १८९२ च्या सुमारास त्या संघाचे फादर गोदाकाठच्या वैजापूर-गंगापूर पट्ट्यात पोचले. पायी, घोड्यावर, बैलगाडीतून. औरंगाबादचा धर्मप्रांत झाला तो १९७७ मध्ये.

(दृश्य: बेथेल. जुनी विहीर, तिच्या काठावरचे दोराचे घासलेले दगड.)

आता पुन्हा जालना. तेव्हा हे निजामाच्या राज्यातलं लष्करी ठाणं. दिवाण सालारजंग यांच्या सरकारकडून जमीन मिळाली, आणि शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. विहिरी खोदल्या, शाळा काढली, चर्च बांधलं. जुन्या करारात याकोब भावाच्या भीतीने घर सोडून पळत असताना, दगड उशाला घेऊन झोपलेला असताना, देव त्याला स्वप्नात भेटला. त्या जागेला त्याने बेथेल, म्हणजे देवाचं घर, म्हटलं. याकोब देवाला शोधायला निघाला नव्हता, हे शेषाद्रींना नक्कीच ठाऊक असणार.

इथे आले ते मुख्यतः मांग समाजातले लोक. गावकुसाबाहेर, दोरखंड वळणारे, वाजवणारे, गावाची पडेल ती कामं करणारे. ते आले तेही बहुतेक कुटुंबच्या कुटुंब, कधी भावकीच्या भावकी. मुंबईतल्या नारायणने एकट्याने होकार दिला होता, एकट्याने किंमत मोजली होती. इथे वडीलधाऱ्यांनी ठरवलं आणि वस्ती त्यांच्या मागे गेली. मग हा होकार खरा की खोटा?

शहरी माणसाला तो खोटा वाटतो. मला वाटत नाही. ज्या माणसाला पिढ्यान्पिढ्या कोणी ‘तुला काय वाटतं’ असं विचारलंच नव्हतं, त्याने भावांना सोबत घेऊन गावाच्या मर्जीविरुद्ध एक पाऊल टाकणं, ही इच्छेची लहान खूण नव्हे. दुष्काळात मिशनच्या दारी आलेल्यांना ‘पोटासाठी धर्म सोडला’ म्हणून हिणवलं गेलं, आजही हिणवलं जातं. भुकेल्या माणसालाही मन असतं. मात्र दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. जिथे कोणी भाकरीला अट बांधली असेल, तिथे तो होकार ख्रिस्ती शिकवणीच्याच कसोटीला उतरत नाही. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, येशू दाराशी उभा राहून दार ठोकतो. दार उघडायचं ते आतल्याने.

किंमत तर पुढेही मोजावी लागली. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात आलं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं. ख्रिस्ती झालेला दलित बाहेरच राहिला. राज्यघटनेचं पंचविसावं कलम सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतं. पण गावात त्या माणसाचं घर आहे तिथेच असतं, शेजारी त्याला जुन्याच जातीने ओळखतात, आणि तहसीलच्या कागदावर तो जातीचा राहत नाही.

(दृश्य: एका घरातली संध्याकाळची प्रार्थना सभा. चटईवर बसलेली माणसं, ढोलकी, झांज.)

वस्तीचा होकार एका दिवसात होतो. नवा जन्म ज्याचा त्यालाच व्हावा लागतो. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, आणि ख्रिस्ताची खरी ओळख आपल्याला त्यानंतर कितीतरी वर्षांनी झाली असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं. आधी धर्म मिळाला, मग ख्रिस्त. एवढ्या विदुषीला हे सांगताना संकोच वाटला नाही.

प्रार्थना सभेत साक्ष देतात, तिथे हेच ऐकू येतं. चटईवरून एकजण उठतो, टोपी काढून हातात चुरगाळतो, आणि खाली बघत बोलायला लागतो. विषय बहुतेक दारूचा असतो. किती वेळा सोडली, किती वेळा शपथ घेतली, पोरांच्या डोक्यावर हात ठेवूनसुद्धा पुन्हा गुत्त्याकडे पाय कसे वळले. येशूचा प्रेषित पौल याने रोमच्या मंडळीला लिहिलं होतं, “जे चांगले करावेसे मला वाटते ते मी करत नाही, तर करावेसे वाटत नाही असे जे वाईट ते मी करतो.” ऑगस्टीन आजारी इच्छा म्हणाला ती हीच. तो माणूस पुढे सांगतो तेव्हा कर्ता बदलतो. ‘मी सोडली’ असं सहसा येत नाही. ‘प्रभूने सोडवली’ असं येतं. मग लगेच, त्याच दमात, तो सांगतो की त्या दिवसापासून मी त्या गल्लीने जात नाही, मित्र बदलले, पगार बायकोच्या हातात देतो. सगळं प्रभूने केलं आणि सगळं त्यालाही करावं लागलं. पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला दोन्ही एकापाठोपाठ लिहिलं आहे: भीत व कापत आपले तारण साधून घ्या, कारण तुमच्या ठायी इच्छा आणि कृती साधणारा देव आहे.

(दृश्य: शेततळं. पांढऱ्या कपड्यातली तरुण मुलं, कमरेएवढ्या पाण्यात पाळक.)

आज मराठवाड्यात या प्रश्नाने वेगळं वळण घेतलंय. जुन्या ख्रिस्ती घरातली मुलं, ज्यांचा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, कपाळावर पाणी पडलं तेव्हा जी फक्त रडली, ती विशीत नव्या सहभागितांमध्ये, म्हणजे नव्या स्वतंत्र मंडळ्यांमध्ये, जातात आणि बुडवून बाप्तिस्मा घेतात. म्हणतात, तो आईबापांचा होकार होता, हा माझा. घरात वादळ होतं. आजी म्हणते, मग आमचा बाप्तिस्मा काय वाया गेला? पाळक सांगतात, बाप्तिस्मा एकच, तो पुन्हा देता येत नाही. कृपा तुझ्या कळण्याची वाट बघत थांबलेली नव्हती.

दोघांचंही म्हणणं मला कळतं. तान्ह्या लेकराच्या कपाळावरचं पाणी सांगतं, की तू काही करायच्या आधी देवाने तुला धरलं. शेततळ्यातून वर आलेला, नाकातोंडातलं पाणी पुसणारा पोरगा सांगतो, की मी धरू दिलं.

१९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा त्यात तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते, आणि मोठेपणीच देणारे बाप्तिस्टही होते. त्यांनी दोन्ही रीती मान्य केल्या. पालकांना हवं तर बाळाचा बाप्तिस्मा करा, नको तर मूल मोठं होऊन स्वतः मागेपर्यंत थांबा. बाळपणी बाप्तिस्मा झालेल्यांना पुढे दृढीकरणाची उपासना असते. महिनोन्महिने वर्ग चालतात, दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, मतांगीकार म्हणजे श्रद्धेची कबुली पाठ होतात. मग तो रविवार येतो. मुलं पुढच्या बाकावर बसलेली, इस्त्रीचे कपडे, मागे मामा-मावशा मोबाइल सरसावून उभ्या. बिशप एकेकाला विचारतात, तुझ्या वतीने दिलेली वचनं तू स्वतः स्वीकारतोस का? आणि तिथे आईला पुटपुटून चालत नाही. मुलाने उभं राहून, स्वतःच्या आवाजात उत्तर द्यायचं असतं.