कोरड्या मुलखातला उदोन

मंडळी, जपानला निघालेले लोक मला हमखास विचारतात, रामेन, म्हणजे रश्श्यातल्या शेवया, कुठला खावा? मी त्यांना सांगते, रामेन खालच, पण एक दिवस शिकोकू बेटावरच्या कागावासाठी ठेवा. ओकायामाहून रेल्वे निघते, 1988 साली झालेल्या सेतो पुलावरून समुद्र ओलांडते आणि तासाभरात कागावातल्या ताकामात्सु शहरात पोचवते. तिथे सानुकी उदोन खायचा, म्हणजे गव्हाच्या जाड शेवया. सानुकी हे या प्रांताचं जुनं नाव.

क्षेत्रफळाने हा जपानमधला सगळ्यांत लहान प्रांत. पाऊस कमी, नद्या आखूड. म्हणून लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तळी बांधली, दहा हजारांहून जास्त! त्यातलं मान्नो तळं कूकाई या बौद्ध भिक्षूच्या देखरेखीखाली 821 साली दुरुस्त झालं, आणि आजही त्याचं पाणी शेताला जातं. कोरडी हवा गव्हाला मानवते, त्यामुळे भात निघाला की त्याच शेतात गहू. समोरच्या समुद्रकाठी मिठागरं होती. इबुकी बेटावर बारीक मासळी उकडून वाळवतात, शोदोशिमा बेटावर सोया सॉस लाकडी पिंपांत मुरतो. गहू, मीठ, मासळी, सॉस. उदोनला आणखी लागतंच काय? कमी पावसाच्या मुलखाने आपल्याकडे होतं त्यातूनच हे अन्न घडवलं, आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं. पुढे बहुतेक पीठ ऑस्ट्रेलियन गव्हाचं झालं, तेव्हा कागावाने उदोनसाठी ‘सानुकी नो युमे 2000’ हे स्वतःचं गव्हाचं वाण तयार केलं.

कणीक मिठाच्या पाण्यात भिजवतात, वर कापड-प्लास्टिक घालून पायांनी तुडवतात, मुरू देतात, पुन्हा तुडवतात. त्यातून जो चिवटपणा येतो त्याला ‘कोशी’ म्हणतात. दात रुततो आणि शेवई त्याला हलकेच परत ढकलते. ताजा उदोन खाल्ला की हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

बऱ्याच दुकानांत सगळं आपल्या हाताने. वाडगा घ्यायचा, शेवयांची एक गुंडी की दोन ते सांगायचं. काही ठिकाणी ती गुंडी लांब दांड्याच्या जाळीत घालून उकळत्या पाण्यात आपणच बुचकळायची, निथळायची आणि वर तोटीतून गरम रस्सा सोडायचा. पहिल्यांदा माझ्या जाळीतून पाणी नीट निथळलं नव्हतं. मागच्या आजींनी काही न बोलता माझ्या हातातून जाळी घेतली, दोन झटके दिले आणि परत दिली. रस्सा पाणचट होऊ नये, एवढंच त्यांना बघायचं होतं.

शाकाहारी मंडळींनी मात्र सावध राहावं. साध्या दिसणाऱ्या रश्श्यातही मासळीच असते. उदोनवर फक्त सोया सॉस घालून खाता येतो, पण त्या सॉसमध्येही कधी मासळीचा अर्क असतो. आधी विचारा.

जपानमधल्या इतर शेवयांची तऱ्हा निराळी. शिमाने प्रांतातल्या इझुमोचा सोबा, म्हणजे कुट्टूच्या शेवया, वेगळ्या वाटेने जातो. कुट्टूचे दाणे टरफलासकट दळतात, म्हणून तो काळसर आणि वासाला खमंग. गोल लाकडी डब्यांच्या तीन थरांत वाढतात. पहिल्या थरावर सॉस ओतायचा, तो थर संपला की उरलेला सॉस दुसऱ्यात. क्युशू बेटावरच्या हाकाताच्या रामेनची शेवई इतकी बारीक की रश्श्यात लगेच मऊ पडते. म्हणून आधी थोडीच वाढतात आणि मागितली की ‘काएदामा’ म्हणून नवी घालतात.

कागावाला गेलात तर सकाळीच जा. अनेक छोटी दुकानं दुपारी कणीक संपली की दार ओढून घेतात.