विद्यापीठाची वंशावळ आणसूरपासून

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

पत्रिकेत विषय छापलाय ‘कोकण कृषी विद्यापीठ : इतिहास आणि शैक्षणिक स्वरूप’. इतिहास म्हटलं की सगळे स्थापनेपासून, १८ मे १९७२, दापोली, इथून सुरुवात करतात. तारीख बरोबर आहे. राज्यातल्या कृषी विद्यापीठांत राहुरी आणि अकोला आधीची, परभणी आणि दापोली एकाच दिवशीची. पण वेंगुर्ल्यात उभं राहून मी तिथून सुरुवात करणार नाही. आपलं इथलं फळ संशोधन केंद्र १९५७ चं. कर्जतला भातावरचं काम १९१९ पासून चाललेलं. दापोलीचं कृषी महाविद्यालयसुद्धा १९६५ चं. कोकणात झाडं, वाफे आणि विद्यार्थी आधी आले, विद्यापीठ मागाहून. म्हणून माझा आग्रह असा, की या विद्यापीठाचा इतिहास कुलगुरूंच्या यादीवरून नव्हे, मातृवृक्षांच्या वंशावळीवरून लिहावा.

आणसूरचे कोण आहेत इथं? हात वर करा बघू. आणि वेतोऱ्याचे? वा! मग तुमचं नातं तुम्हाला सांगतो. १९७४ ची वेंगुर्ला-१ ही काजूची जात आणसूरच्या झाडातून निवडलेली. वेंगुर्ला-४ मध्ये एक बाजू मिदनापूरची, बंगालमधली. दुसरी बाजू वेतोरे-५६, म्हणजे वेतोऱ्याचं झाड. आणि वेंगुर्ला-३ मध्ये तर आणसूर-१ आणि वेतोरे-५६ यांची सोयरीकच झाली! पत्रिका न बघता जुळलेली, पण चांगली टिकली. या वेंगुर्ला-३ चा संकर तामिळनाडूतल्या वृद्धाचलमच्या जातीशी केला, त्यातून वेंगुर्ला-७ आली. तिची बी सुमारे दहा ग्रॅमची. आज तुमच्या बागेत ती असेल, तर आणसूर आणि वेतोरे दोन्ही गावं तुमच्या बागेत आहेत.

हे सगळं मी एकदा एका समारंभाच्या स्मरणिकेसाठी लिहून दिलं होतं. छापून आलं तेव्हा दोन्ही गावांचा मजकूर गायब, आणि त्या जागी हार घालतानाचे फोटो. मला त्याचं अजून वाईट वाटतं. फोटोंना जागा द्या, पण ज्या झाडांवर संस्था उभी आहे त्यांना चार ओळी तरी? काजूच्या मोहोरात नरफुलंच जास्त. संकर करायचा तर त्यातली द्विलिंगी फुलं हेरायची, परागकोश वेळेत काढायचा, दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे, झाकून ठेवायचं, खूण बांधायची. मग बी रुजवून वर्षानुवर्षं थांबायचं, आणि बहुतेक रोपं शेवटी बाजूला काढायची. हे काम करणाऱ्यांची, त्यांच्या हाताखालच्या मजुरांची नावं कुठल्या पाटीवर आहेत?

आंब्याचंही तेच. रत्ना ही नीलम आणि हापूस यांच्या संकरातून याच केंद्रात झाली, १९८१ मध्ये, आणि तिच्यात साका, म्हणजे हापूसच्या गरात आतून होणारा पांढरट बिघाड, नाही. रत्नावर पुन्हा हापूसचा संकर करून १९९२ मध्ये सिंधू आली, अगदी पातळ कोयीची. तरी बाजारात पहिला प्रश्न काय? ‘हापूस हा?’ हापूस आपला देव आहे, मान्य. पण साक्यानं खराब झालेली फळं फेकून देताना रत्नाची आठवण व्हायला हरकत नाही.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, पाच मिनिटं उरलीत. शैक्षणिक स्वरूप आता भरभर सांगतो.

पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे कार्यक्षेत्र. दापोलीत कृषी, फलोद्यान, वनशास्त्र, कृषी अभियांत्रिकी. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्यविज्ञान, १९८१ पासून. आपल्या जिल्ह्यात मुळद्याला फलोद्यान महाविद्यालय. भाट्याला नारळावर संशोधन, पनवेलला खारजमीन आणि खाऱ्या पाण्यात तगणाऱ्या भातावर. जुन्या संस्थापकांच्या पिढीतले बाळासाहेब सावंत, जे १९६३ मध्ये काही दिवस मुख्यमंत्री होते, त्यांचं नाव आता विद्यापीठाला आहे.

आणि महत्त्वाचं राहिलं. काजू बी लावून वाढवला तर मुलं आईसारखी निघतील याची खात्री नाही, म्हणून कलम. १९९० मध्ये रोजगार हमीतून फळबाग योजना आली आणि कलमांना एकदम मागणी वाढली. तेव्हा मृदुकाष्ठ कलमाचं, म्हणजे कोवळ्या खोडावर कलम बांधायचं, तंत्र हाताशी तयार होतं, म्हणून आपले वरकस कातळ हिरवे झाले. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तीन कामं इथं एका झाडावर दिसतात.

तेव्हा मागणी एकच. केंद्रातल्या जुन्या संकर-नोंदवह्या नीट जपून लोकांना बघायला खुल्या कराव्यात, आणि आणसूर व वेतोरे ग्रामपंचायतींनी मिळून तसं पत्र द्यावं. मसुदा मी लिहून आणलाय. सह्या करायला पुढं या.