फिलिप्पो : फ्लोरेन्सपासून जुन्या गोव्यापर्यंत

(दृश्य : पडदा काळा. आधी फक्त आवाज.)

सेई, सेत्ते, ओत्तो, नोव्हे.

सहा, सात, आठ, नऊ.

(दृश्य : मांडवीचं पात्र, काठावर जुन्या गोव्याच्या चर्चचे मनोरे.)

पहिली ओळ इटालियन, दुसरी आपली. कुठे इटली आणि कुठे कोकण किनारा, मग आकडे इतके जवळचे कसे? सव्वाचारशेहून अधिक वर्षांपूर्वी असाच प्रश्न फ्लोरेन्सच्या एका व्यापाऱ्याला पडला होता. मिऱ्यांच्या व्यापारासाठी तो हिंदुस्थानात आला होता. त्याचं नाव फिलिप्पो सास्सेत्ती. त्याची गोष्ट सांगायचीच आहे, पण आधी त्याचं नाव पाहू. या नावाची माणसं इटलीत शतकानुशतकं होत आली आहेत.

फिलिप्पो हे नाव मूळचं ग्रीक. 'फिलोस' म्हणजे प्रेम करणारा, 'हिप्पोस' म्हणजे घोडा. ज्याचा घोड्यांवर जीव, तो फिलिप्पोस. सिकंदराच्या वडिलांचं नाव हेच. येशूच्या बारा शिष्यांतल्या एकाचंही हेच, आणि त्या शिष्यामुळे ते युरोपात घरोघरी गेलं. इटलीत त्याचं फिलिप्पो झालं आणि घरात हाक मारायला पिप्पो. आपल्याकडे पांडुरंगाचा पांडू होतो, तसंच.

(दृश्य : फ्लोरेन्स. कौलारू छपरांच्या वर उठलेला लाल घुमट.)

या शहरात पाऊल ठेवलं की पहिला भेटतो तो फिलिप्पो ब्रुनेल्लेस्की. जन्म 1377 चा, शिक्षण सोनारकामाचं. त्या काळी फ्लोरेन्सचं कॅथेड्रल उभं होतं, पण त्याचा माथा उघडाच होता. भिंती वर गेल्या होत्या आणि मध्ये सुमारे 45 मीटर रुंदीची अष्टकोनी पोकळी तशीच राहिली होती. एवढ्या रुंदीला जमिनीपासून सेंट्रिंग लावायचं तर लाकूड आणायचं कुठून? ब्रुनेल्लेस्की म्हणाला, सेंट्रिंग नकोच.

1420 मध्ये काम सुरू झालं. आता विटांच्या अगदी जवळ जाऊ.

(दृश्य : विटांच्या रचनेचं चित्र, कॅमेरा हळूहळू जवळ.)

आडव्या विटांच्या थरात थोड्या थोड्या अंतरावर एक वीट उभी रोवली आहे. वरच्या थरात ती जरा बाजूला सरकते, त्याच्या वर आणखी सरकते, आणि माशाच्या काट्यासारखी नक्षी तिरकी चढत जाते. ती नक्षी शोभेची नाही. फडताळातली पुस्तकं कलंडू नयेत म्हणून आपण कडेला एक जाड पुस्तक उभं करतो ना, तेच काम ती उभी वीट करते. चुना ओला असतानाही आतल्या बाजूला झुकलेला थर घसरत नाही. असा थरावर थर चढत गेला आणि घुमट स्वतःच स्वतःला सावरत वर गेला.

माल वर चढवायलाही त्याने यंत्र केलं. घोड्याचं नाव लावणाऱ्या माणसाचं हे यंत्र बैल ओढत. भार खाली सोडायचा झाला की एरवी बैल सोडून उलट्या दिशेने जुंपावे लागले असते. त्याने एका उभ्या दांड्यावर वर-खाली दोन दातेरी चाकं बसवली. मळसूत्र फिरवून दांडा थोडा उचलला की दुसरं चाक लागे आणि दोर उलटा फिरे. बैल आपले एकाच दिशेने चालत. मला या घुमटापेक्षाही हे चाक जास्त आवडतं, कारण त्यात जू खांद्यावर घेणाऱ्या जनावराचा आणि त्याच्यामागे उभ्या गड्याचा विचार आहे.

1436 मध्ये कॅथेड्रलचं पवित्रीकरण झालं. विटांचा एवढा मोठा घुमट जगात दुसरा नाही. ब्रुनेल्लेस्कीला त्याच कॅथेड्रलमध्ये पुरलं, आणि त्याची कबर 1972 मध्ये पुन्हा सापडली.

(दृश्य : मरियेचं चित्र, चेहरा आणि पातळ ओढणी.)

त्याच शहरातला चित्रकार फिलिप्पो लिप्पी. लहानपणीच पोरका झाला, कार्मेलाइट मठात वाढला आणि तिथेच साधू झाला. पुढे लुक्रेत्सिया बुती नावाच्या जोगिणीवर त्याचं मन बसलं. त्यांना मुलगा झाला, तोही चित्रकार निघाला, आणि जग त्याला फिलिप्पिनो म्हणतं, म्हणजे धाकटा फिलिप्पो. बापाच्या कबरीचा आराखडा पुढे याच मुलाने केला.

नावाची ही रांग लांब आहे. अमेरिकन स्वातंत्र्याच्या काळात व्हर्जिनियात थॉमस जेफरसनचा शेजारी आणि मित्र झालेला फिलिप्पो माझ्झेई यातलाच. 2007 च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात मिलानचे दोन्ही गोल करणारा फिलिप्पो इन्झागी, ज्याला सगळी इटली पिप्पोच म्हणते, तोही यातलाच. 2021 मध्ये तोक्योला चार गुणिले शंभर मीटर रिलेत शेवटचा टप्पा फिलिप्पो तोर्तू धावला आणि इटलीने सेकंदाच्या शंभराव्या भागाने सुवर्ण घेतलं.

मला मात्र थांबायचं आहे ते दोन फिलिप्पोंपाशी. दोघेही फ्लोरेन्सचे. एकाला हिंदुस्थानात यायचं होतं, तो आला नाही. दुसरा आला, तो परत गेला नाही.

(दृश्य : रोमच्या अरुंद गल्ल्या, पहाटेची घंटा.)

पहिले संत फिलिप नेरी. जन्म 1515. लहानपणी लोक त्यांना 'पिप्पो बुओनो' म्हणत, म्हणजे गुणी पिप्पो. तरुणपणी ते रोमला गेले आणि जन्मभर तिथेच राहिले. आजारी माणसं, यात्रेकरू, रस्त्यावरची मुलं यांच्यात ते रमत. त्यांच्याभोवती जमणाऱ्या प्रार्थनामंडळीला ओरेटरी म्हणत. 'ओरेटोरियो' या संगीतप्रकाराला नाव मिळालं ते तिथूनच.

फ्रान्सिस झेवियरची पौर्वात्य देशांतून येणारी पत्रं ही मंडळी वाचत. आपणही तिकडे जावं, अशी ओढ नेरींना लागली. त्यांचे चरित्रकार सांगतात की एका वृद्ध संन्याशाला त्यांनी सल्ला विचारला, तेव्हा उत्तर आलं : तुझा हिंदुस्थान रोममध्येच आहे. ते थांबले. 1622 मध्ये चर्चने दोघांनाही एकाच दिवशी संत जाहीर केलं, गोव्याला आलेल्या झेवियरना आणि रोमलाच राहिलेल्या नेरींना.

(दृश्य : पुन्हा जुने गोवे. बाणावलीची वाट, माडांच्या रांगा.)

पण नेरींचं काम गोव्यात आलंच. बाणावलीत जन्मलेले फादर जुझे वाझ आणि त्यांचे गोमंतकीय सहकारी यांनी 1680 च्या दशकात जुन्या गोव्यात एकत्र राहायला सुरुवात केली आणि नियम घेतला तो ओरेटरीचा. लंकेत डचांनी कॅथलिक पंथावर बंदी आणली होती. 1687 मध्ये वाझ वेष पालटून तिथे गेले, कँडीत कैदेत राहिले आणि 1711 मध्ये तिथेच वारले. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद दिलं. नेरी स्वतः येऊ शकले नाहीत, पण त्यांच्या घराण्यातला माणूस गोव्यातूनच उभा राहिला.

(दृश्य : जुना कागद, शाईची ओळ. मिऱ्यांनी भरलेली गोणी.)

दुसरा फिलिप्पो म्हणजे आपला व्यापारी. सास्सेत्ती 1583 मध्ये लिस्बनहून निघून कोचीनला पोचला. काम मिरी खरेदीचं, पण डोळे आणि कान सदैव उघडे. दालचिनी, औषधी झाडं, चालीरीती, सगळं तो पत्रांतून फ्लोरेन्सच्या मित्रांना कळवी. अशाच एका पत्रात त्याने लिहिलं की इथल्या विद्वानांच्या भाषेतले, म्हणजे संस्कृतातले, बरेच शब्द आपल्या शब्दांसारखे आहेत. त्याने दाखले दिले ते सहा, सात, आठ, नऊ या आकड्यांचे. देव, तिकडे दिओ. सर्प, तिकडे सेर्पे. विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशाने कोलकात्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं एकच मूळ असावं असं मांडलं ते 1786 मध्ये, म्हणजे या पत्रानंतर सुमारे दोनशे वर्षांनी.

त्या दाखल्यांत घोडा नाही. इटालियनमध्ये घोड्याला 'काव्हाल्लो' म्हणतात आणि संस्कृतात अश्व. दोन्हींचा आवाज जुळत नाही, मग व्यापाऱ्याच्या कानाला ते कसं कळावं? भाषाशास्त्रज्ञांनी पुढे दाखवून दिलं की ग्रीक 'हिप्पोस' आणि संस्कृत 'अश्व' एकाच जुन्या शब्दापासून आले आहेत. सास्सेत्ती शोधत होता तसा एक शब्द त्याच्या स्वतःच्या नावातच होता.

(दृश्य : मांडवी, संध्याकाळ. दूर एक गलबत.)

त्याच्या काळात या किनाऱ्यावर आखाताकडून आलेले घोडे उतरत. 1588 मध्ये फिलिप्पो सास्सेत्ती गोव्यात वारला. पन्नाशीही त्याने गाठली नव्हती.

(आवाज, पडदा पुन्हा काळा.)

फिलिप्पो. हिप्पोस. अश्व.