हलवण्याआधीचे शब्द

पडद्यावर दिसणारे हे हात सकाळच्या पाळीतील परिचारिकेचे आहेत. रुग्णाची कूस बदलण्यासाठी तिने एक हात त्याच्या खांद्यामागे आणि दुसरा कमरेखाली सरकवला आहे, तरीही ती थांबली आहे. कारण हलवताना कोठे दुखेल आणि किती वेळ दुखेल, हे ती त्याला आधी सांगते आहे. ‘काही दुखणार नाही,’ असे ती म्हणत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीवर जखमा होऊ नयेत म्हणून साधारणपणे दर दोन तासांनी, म्हणजे दिवसरात्रीत बारा वेळा, कूस बदलून द्यावी लागते. एकदा शब्द खोटा ठरला की पुढच्या खेपेला ते शरीर तिच्या हातांत सैल पडत नाही, आखडते.

आता ती मॉर्फिनचे औषध मोजते आहे. पहिले काही दिवस गुंगी वाटेल आणि मग ती बहुधा ओसरेल, बद्धकोष्ठ मात्र टिकून राहील, म्हणून रेचक आजपासूनच घ्यायचे, इतके ती दोन वाक्यांत सांगते. रुग्ण मान डोलावतो.

खाटेजवळ ओढलेल्या या खुर्चीमागे मोठा इतिहास आहे. १९६१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दहापैकी सुमारे नऊ डॉक्टरांचा कल कर्करोगाचे निदान रुग्णाला न सांगण्याकडे होता. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या तशाच पाहणीत ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूने होते. मधल्या काळात, १९६७ साली, सिसिली साँडर्स यांनी लंडनमध्ये असाध्य आजाराच्या रुग्णांसाठी सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केले. त्या आधी परिचारिका होत्या, डॉक्टर नंतर झाल्या, आणि हा क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटतो. पुढे २००० साली वाईट बातमी सांगण्याची सहा टप्प्यांची एक पद्धत मांडली गेली. तिच्यात प्रत्यक्ष माहिती देणे चौथ्या टप्प्यावर येते. त्याआधी निवांत जागा पाहून बसायचे, रुग्णाला काय समजले आहे ते विचारायचे आणि त्याला किती जाणून घ्यायचे आहे, हेही त्यालाच विचारायचे असते. न विचारता सगळे ओतून मोकळे होणे म्हणजे स्पष्टपणा नव्हे.

दाराबाहेर नातेवाईक उभे आहेत, एकीच्या हातात वाटी आहे. भूक जाणे हा आजाराचाच भाग आहे, बळेच भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, शेवटच्या दिवसांत हातपाय गार पडतील आणि श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होईल, हे परिचारिका त्यांना एकेक करून सांगते. वाटी खाली ठेवली जाते.

हा खाटेला अडकवलेला तक्ता पाहा. नाडी, ताप, औषधाची मात्रा, कूस बदलल्याची वेळ, या सर्वांसाठी त्यात रकाने आहेत. बोलण्यात गेलेल्या वीस मिनिटांसाठी एकही नाही, आणि म्हणून मनुष्यबळ अपुरे पडले की सर्वांत आधी तीच वीस मिनिटे जातात.

रुग्णाने तिला काही विचारले आहे. तिने खुर्ची आणखी जवळ घेतली. येथून पुढचे बोलणे आम्ही ध्वनिमुद्रित केलेले नाही.